ताईची किडनी

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र कसं, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. इकडे सगळं ठीक. ही बरी आहे, फक्त माझ्या जेवणावरून कटकट करते. हल्ली तोंडाला चवच नाही.

प्रयोगशाळेत सरांचं आणि माझं भांडण अजून चालूच आहे. ते म्हणतात, शरीराला आपलं आणि परकं बरोबर कळतं आणि परकं दिसलं की ते तुटून पडतं. मी म्हणतो, शरीर असल्या चौकशा करत नाही. कुठे इजा झाली, पेशींनी हाक मारली, तरच ते धावतं. नाहीतर आईच्या पोटात मूल नऊ महिने सुखाने राहिलं असतं का? यावर सर चहा ढवळत बसतात.

तुझी किडनी बसवल्याची जखम केव्हाच भरली. आता इजा नाही, हाक नाही, मग हल्ला कशाला होईल? आणि तुझी वस्तू माझ्या अंगात परकी कशी ठरेल, हे मला अजूनही पटत नाही.

म्हणून शरीराचा हल्ला दाबून ठेवणाऱ्या त्या रोजच्या गोळ्या बंद केल्या. हिला माहीत नाही. ती वाटीत काढून ठेवते, मी बेसिनमध्ये सोडतो.

गेल्या आठवड्यापासून बूट चढत नाहीत, चपला घालून कामाला जातो. सगळे थट्टा करतात. काल सरांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि वाद घातलाच नाही. "गोळ्या घेतोयस ना रे?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोलताना दम लागला. फोनवर ही धाप तुला ऐकू आली असती, म्हणून हे पत्र.

आज सकाळपासून तुझी किडनी आहे तिथे दुखतंय. हात लावला तर गरम लागतं. म्हणजे माझ्या हिशेबानेही आता तिथून हाका सुरू झाल्या. इतक्या वर्षांत सरांचं आणि माझं पहिल्यांदा एकमत झालंय.

मला भीती वाटतेय, ताई. हे पाकीट पेटीत टाकून तसाच दवाखान्यात जातो, तिथे सगळं खरं सांगतो. तू ये. शिव्या घालायला ये, पण ये. तुझ्याकडे देण्यासारखी दुसरी उरलेली नाही, हे काय मला कळत नाही?

तू दिलेलं सांभाळता न आलेला,
तुझा धाकटा