आवाज नसलेली खोली

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. समोरचा रस्ता खोदत होते तेव्हा त्या आवाजाने कामाला जाता आलं नाही, पण आता ठीक आहे. काळजी करत बसू नकोस.

आमच्या कारखान्यात पंख्यांचा आवाज तपासायची एक खोली आहे. भिंतींना, छताला, सगळीकडे फोमच्या जाड पाचरी. काल इंजिनिअरबाई म्हणाल्या, "बसून बघतेस आत? भलेभले घाबरून बाहेर येतात."

दार लागलं आणि आई, सगळं थांबलं. ट्यूबलाइटची गुणगुण नाही, कुणाच्या चपला नाहीत. जन्मभर कानांवर ठेवलेले माझे हात आपोआप खाली आले. मग हळूहळू आतून काहीतरी ऐकू यायला लागलं. धप, धप. माझंच काळीज! इतकी वर्षं बिचारं चाललंय आणि मला पत्ताच नाही.

बाईंनी दार उघडलं तेव्हा माझे डोळे वाहत होते. त्या घाबरल्या. "काय झालं गं?"

"काही नाही. अजून थोडं बसू?"

त्यांनी दार पुन्हा लावलं, अगदी हळू.

घरी येताना रस्त्यावर नेहमीचाच गोंगाट होता. पण वाटलं, एवढ्या माणसांच्या आत ते चाललंय!

बाबांच्या छातीचं डॉक्टर काय म्हणाले? फोनवर तू नुसतं "बरंय" म्हणतेस. सुट्टीत आले की त्यांच्या छातीला कान लावून मीच ऐकणार आहे. मला मिठी सोसत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेव, नाहीतर दचकतील.

तुझी,
धाकटी