मुद्दाम केलेली चूक

प्रिय आई,

तू माझ्या मसुद्याची वाट बघत असशील, आणि पाकीट एवढं पातळ कसं म्हणून उलटसुलट करून पाहिलं असशील. सांगते. आधी मला माझ्या जिवाणूंचं कौतुक करू दे.

जनुक म्हणजे तुझ्या भाषेत मूळ हस्तलिखित. पेशी त्याची कामापुरती प्रत काढते आणि ती वाचून प्रथिन बनवते. माझं सगळं लिखाण तपासून तू निम्मी शास्त्रज्ञ झालीच आहेस, तेव्हा एवढं तुला पाठ असेल. पण काही प्रतींच्या डोक्याशी एक गंमत असते. मजकूर सुरू होण्याआधीचा भाग दुमडून त्याची खोबण होते. ठरावीक पदार्थ पेशीत वाढला की तो त्या खोबणीत बसतो, घडी बदलते, आणि पुढचा मजकूर वाचला जाणार की नाही ते तिथेच ठरतं. याला रायबोस्विच म्हणतात. कुणाला विचारायला जायचं नाही, कुणाची सही नाही, प्रतच ठरवते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला चक्क हेवा वाटला होता.

वाटणारच. माझी पहिली शाळा म्हणजे आपलं जेवणाचं टेबल. एका बाजूला छापखान्यातून तपासायला आलेली तुझी प्रुफं, दुसऱ्या बाजूला माझी पाटी. गणित सुटलं की तू मान वर न करता म्हणायचीस, पुन्हा बघ. बरोबर असलं तरी! मी घाईघाईने उत्तर पुसायची, आणि तू हसून मला शंकासूर म्हणायचीस.

पदार्थ सापडला की मी अभ्यासते त्या माझ्या स्विचने वाचन बंद करावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. बहुतेक स्विच तेच करतात. मी त्याला निळा रंग देणारं जनुक जोडलं. पदार्थ घातला की निळा रंग जायला हवा होता, तर माझ्या नळ्या निळ्याशार! माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, लेबलं उलटी लावली असशील गं, पुन्हा बघ. अगदी तुझाच सूर. मी सगळं नव्याने केलं, लेबलं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून लावून घेतली. निळंच. पण या वेळी काही पुसलं नाही. उलट, पदार्थाला धरून ठेवणारं खोबणीतलं एकच अक्षर बदललं. आई, तुझ्या लेकीने मुद्दाम मुद्रणदोष केला! आणि तेवढ्याने, पदार्थ घालूनही, नळ्या कोऱ्या राहिल्या. म्हणजे माझा स्विच पदार्थ धरतो आणि वाचन सुरू करतो. त्याच्या पुढचं मूळ जनुक बहुधा जास्तीचा पदार्थ पेशीबाहेर फेकण्याचं असणार, ते आता तपासतेय. मॅडमनी नळ्या खिडकीशी धरल्या, एकेक लेबल पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, लिहून काढ.

लिहिलं. आणि काल नियतकालिकाकडे पाठवूनही दिलं, तुला न दाखवता. तुझ्या लाल पेन्सिलीखालून न गेलेलं हे माझं पहिलं लिखाण. रुसू नकोस. ते कुणा तिसऱ्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. छापून आलं की पहिली प्रत तुझी. तेव्हा खुशाल चष्मा लाव, पेन्सिल काढ आणि म्हण, पुन्हा बघ. मी बघणार नाही.

तुझीच,
शंकासूर