आल्माने काढलेली शेपटी

हॉलिवूड, ९ मार्च १९३९

प्रिय आईस, तुझ्या सिग्रिडची घट्ट मिठी.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा आता वाकतो का?

आल्मा गेल्यावर तू तिच्या हातचं एक तरी चित्र मागितलंस. कार्टूनच्या रेघा आम्ही दोघी बहिणी सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानांवर शाईने गिरवायचो. चित्रण संपलं की ती पानं धुऊन पुढच्या सिनेमाला वापरतात. मी चार दिवस शोधलं, एकही उरलेलं नाही.

मग मी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर चढले. म्हटलं, "जिच्या हातांनी तुमची खार पडद्यावर पळाली, तिच्या आईला द्यायला तुमच्याकडे एक पान नाही? माणसाचं कामही तुम्ही पुसून टाकता?" बायका रडल्या. आमच्यावर देखरेख करणाऱ्या टॉलिव्हरबाई म्हणाल्या, "खाली उतर गं, पुढारीण. गेल्या महिन्यात धुण्याची पाळी तुझीच होती."

खरंच होती, आई. आल्मा इस्पितळात खोकत होती आणि मी तिची खार नळाखाली धरत होते. ती परत येऊन नव्या काढेल, असंच वाटत होतं.

नोकरीची काळजी करू नकोस. अजून कुणी काढलेलं नाही.

सोबत एक धुतलेलं पान पाठवते. खिडकीशी तिरकं धर. शाई गेली तरी टाकाचे ओरखडे राहतात. टाक न उचलता अख्खी शेपटी आमच्यात एकटी आल्माच काढायची. या पानावरच्या त्या सलग ओरखड्यावरून बोट फिरव. मला ते जमलं नाही.

तुझी उरलेली लेक,
सिग्रिड