उजवा खांदा, डावी मंजुरी

५ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

खांद्याचं चार ओळींत कळव, असं तू लिहिलंस. प्रकरण चार ओळींत मावेनासं झालंय, म्हणून पानभर लिहितोय. कोपर टेबलावर टेकवून लिहावं लागतं, त्यामुळे अक्षर उताराला लागलंय.

डिसेंबरात पंपघरातल्या मोठ्या व्हॉल्व्हचं चाक गंजून अडकलं. मी जोर लावला, ते एकदम सुटलं आणि उजव्या खांद्यात कापड फाटल्यासारखा आवाज झाला. कामावरची दुखापत म्हणून खात्याने नोंद केली. उपचार सरकार करणार असा कागद दिला आणि सोबत अकरा डॉक्टरांची यादी. मला वाटलं, सुटलो!

अकराही ठिकाणी फोन केले. एक लहान मुलांचे डॉक्टर निघाले, दोघे गाव सोडून गेलेत. एक डॉक्टर तर दोन वर्षांपूर्वीच वारले. फोन त्यांच्या पत्नीने घेतला. हात फार दुखतो का, असं विचारणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्यांकडे फोन घेणारी मुलगी आधी गोड बोलते, पण सरकारी भरपाईची केस म्हटलं की आवाज बदलतो. नऊ पानी फॉर्म भरायचा, मग महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघायची, म्हणून डॉक्टरांनी अशा केसेस बंद केल्या म्हणे.

पदरमोड करून दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का, असं भरपाई कचेरीत विचारलं. तर परस्पर उपचार घेतलात की प्रकरण बंद, असं उत्तर आलं. आता बोल!

तुझी भावजय नमस्कार सांगते. तिचा सध्याचा मुक्काम माझ्या शर्टाच्या बटणांपाशी आहे. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कळवळला आणि तुझा रागही आला. सव्वीस वर्षं मी त्याच भरपाई कचेरीत काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. कचेरी वाईट नाही रे, कागद नीट लागतो. तू शाळेतही उत्तर बरोबर लिहून प्रश्नाचा क्रमांक चुकवायचास.

फोन करत बसू नकोस. यादीतला एकही डॉक्टर घेत नाही, असं लेखी दे आणि यादीबाहेरचा डॉक्टर माग. आवक क्रमांक घे, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तारीख घाल, सही कर. तुझ्या बाबतीत हेही सांगावं लागतं.

हात गळ्यात बांधून ठेव. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. भावजयीला आणि भाचीला आशीर्वाद. काळजी करणारी एक म्हातारी इथे बसली आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

२७ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. पोचा एवढ्या जमल्यात की घरात त्यांच्यासाठी वेगळा डबा केलाय.

सात आठवड्यांनी डॉक्टर मिळाले, बसने तीन तासांवर. माणूस चांगला. त्यांनी हात हलवून बघितला, स्नायू फाटलाय म्हणाले. एमआरआय काढून लगेच शिवायला हवा, उशीर झाला तर तो आक्रसतो आणि मग टाका धरत नाही. एमआरआयची मंजुरी मागितली. ती आली, ताई. डाव्या खांद्याची!

चूक दाखवायला गेलो, तर दुरुस्तीची सोय नाही, नव्याने अर्ज करा. नवा केला. तो कचेरीच्या तज्ज्ञाकडे गेला, ज्याने मला कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याचं मत आलं की मलम आणि विश्रांती पुरेशी आहे.

पाच महिन्यांच्या विश्रांतीनंतर माझे केस माझी मुलगी विंचरते. परवा ती हसत नव्हती, तेव्हा मला समजलं की तीही घाबरलीय. मी आता हे सोडून देतो. हात गेला तर गेला. मला कागद नीट जमत नाही असं म्हणायचं असेल, तर म्हण.

रागावून लिहिलंय, तुझ्यावर नाही.

तुझा,
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मी स्वतः कचेरीत गेले. तू पाठवलेल्या पोचांच्या नकला पिशवीत आणि भांडण अगदी जिभेवर.

तुझं प्रकरण जिच्या टेबलावर आहे, ती मला बघून उठून उभी राहिली. नोकरीची पहिली दोन वर्षं माझ्या हाताखाली काढलेली मुलगी. तिच्या मागे छताला टेकलेल्या फायली. मी तावातावाने विचारलं की एवढे महिने माणसाला लोंबकळत कसं ठेवता? ती उद्धटपणे बोलली नाही. बाई, तुम्हीच शिकवलंत, म्हणाली. हो म्हटलं तर आपण अडकतो, नाही म्हटलं तर अपील होतं. म्हणून कागद अपूर्ण म्हणून परत पाठवायचा.

मी हे शिकवलं होतं, धाकट्या. हसत हसत, चहाच्या वेळी. एका ड्रायव्हरची पाठीची फाईल मी तीनदा परत पाठवली होती. चौथ्यांदा ती आलीच नाही. प्रकरण निकाली निघालं, असं आम्ही मानलं. त्या पाठीचं काय झालं, हे मला काल पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

मग तिथेच बसले. साहेब आले, जेवायला गेले, परत आले. तिनेच फाईल काढून त्यांच्यासमोर ठेवली. साडेचारला सही झाली. एमआरआय आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया, दोन्ही. उजवा खांदा. मी शब्द तीनदा वाचला.

तुला बोलले त्याबद्दल काय लिहू? सोडू नकोस एवढंच.

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं मेचं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी एमआरआयला गेलो.

शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, जानेवारीत आला असतात तर हात पूर्ण वर गेला असता. आता खांद्यापर्यंत जाईल, त्याच्या वर नाही. चाक फिरवणं संपलं. सोमवारपासून तक्रार नोंदवहीच्या टेबलावर बसतोय. पंपाचा आवाज भिंतीपलीकडून येतो, तेव्हा जिवाला चैन पडत नाही.

आमच्या खात्यातला एक वेल्डर आहे. खड्ड्यात पडून त्याची कंबर गेली. त्याचीही यादी तीच, वारलेल्या डॉक्टरांसकट. काल तो सगळे कागद पिशवीतून माझ्या टेबलावर ओतून म्हणाला की मी आता सोडून देतो. अर्ध्यांवर तारखा नाहीत, दोन ठिकाणी सही नाही.

त्याला रविवारी तुझ्याकडे पाठवतोय. तू नको म्हणशील असं वाटलं नाही, म्हणून विचारलं नाही. जमिनीवर बसता येत नाही त्याला. उंच खुर्ची काढून ठेव.

तुझा,
धाकटा