आधी नाव, मग माणसं

ऑर्विन, नेब्रास्का
१९ मार्च २०११

प्रिय लाडी,

बहिणीचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. हे पत्र नेहमीसारखं टपालाने न येता फादर कुबाटांच्या कोटाच्या आतल्या खिशातून येतंय. का, ते पुढे सांगते.

नदीवर क्रौंच उतरलेत. पहाटे इतका कालवा करतात की झोप लागत नाही. तुझी खोली मी घासूनपुसून ठेवली, नवी गादी आणली. जर्दाळूचे कोलाचे पाव भाजून फ्रीजरमध्ये भरलेत, तू आल्यावर गरम करायचे. मंगळवारी पॅरोल मंडळासमोर तुझी पाळी आहे. बहिणीचं घर आणि बहिणीची हमी, एवढ्यावर ते तुला सोडायला तयार झाले होते, हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात डेन्व्हरच्या त्या मोठ्या विमान कंपनीतून एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. म्हणाली, "मॅडम, आमच्या कंपनीत सामावलेल्या जुन्या छोट्या विमानसेवांचा आम्ही गौरव करतोय. एका नव्या विमानाच्या शेपटीवर तुमच्या वडिलांचा क्रौंच काढलाय. तुम्ही याल ना?"

मला हसूच आलं. तो क्रौंच तू स्वतःच्या हाताने आपल्या विमानावरून खरवडून टाकला होतास, आठवतं? बाबांनी एका सहा आसनी विमानावर 'सँडहिल एअर' उभी केली. डाक नेली, गुरांची औषधं नेली, बाळंतिणी नेल्या. मग मोठ्या कंपनीशी करार झाला. खेड्यापाड्यांतली माणसं आपण गोळा करून डेन्व्हरला पोचवायची आणि त्यांच्या मोठ्या विमानांची पोटं भरायची. तिकीट त्यांचं, रंग त्यांचा, नाव त्यांचं. तू शिडीवर चढून क्रौंच खरवडत होतास आणि बाबा हँगरबाहेर पाठ करून उभे होते. "पोट भरतंय ना, मग पक्षी कशाला हवा," म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि मग तो जानेवारी. पंखांवर बर्फ धरत होता. बाबा म्हणाले उडत नाही. डेन्व्हरहून फोनवर फोन: उड्डाण रद्द केलंत तर करार रद्द. बाबा उडाले. विमान जॉन्सनच्या मक्याच्या शेतात उताणं पडलं, शेपूट तुटून बाजूला उभं राहिलं. तू सगळ्यांच्या आधी पोचलास. लोक अजून आसनांना बांधलेले होते, बाबांचा हात काचेतून बाहेर आला होता, आणि तुझ्या पाठोपाठ गाडीतून उतरलेल्या कंपनीच्या त्या दोघांनी आधी काय काढलं, तर शिडी आणि पांढऱ्या रंगाची बादली. कॅमेरेवाले यायच्या आत शेपटीवरचं नाव पुसायला.

तू ओरडलास, "माणसं आत आहेत."

त्यांतला शिडीवर चढलेला क्लाइन म्हणाला, "आधी नाव, मग माणसं."

तू फावडं उचललंस. क्लाइनची कवटी फुटली आणि तो बादलीवरच कोसळला. मी पोचले तेव्हा बर्फावर पांढरा रंग आणि लाल रक्त एकत्र वाहत होतं. दुसरा फटका शिडी धरणाऱ्याला बसला, त्याचा अर्धा कान गेला. पुढे बाबांच्या मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात त्यांचा वकील काय म्हणाला, तेही मला पाठ आहे: विमान आमचं नाही, वैमानिक आमचा नाही, रंग तेवढा आमचा.

तर परवा गुरुवारी मी आपल्या विमानतळावरच्या त्या समारंभाला गेले. चांगला निळा ड्रेस घालून गेले. तुझी सुटका तोंडावर आलीय, गप्प बसायचं, हसायचं, फोटो काढायचा, असं आरशासमोर स्वतःला बजावून गेले. क्रौंच सुंदर काढलाय रे. बाबांच्या क्रौंचापेक्षा सुंदर.

भाषणाला त्यांचे उपाध्यक्ष उभे राहिले. केस पांढरे, सूट झकास, आणि डावा कान अर्धा.

मी तरीही बसून राहिले, लाडी. शप्पथ. तो म्हणाला, सँडहिल म्हणजे आमचंच कुटुंब. बसून राहिले. मग त्याने माझ्याकडे हात केला, आवाज जड केला आणि म्हणाला, "त्या काळ्या दिवशी मी इथेच होतो. यांच्या वडिलांना, कॅप्टन कोलारना, याच हातांनी बाहेर काढलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विमानाच्या चाकाखाली लावतात तो पिवळा ठोकळा दोरीसकट माझ्या पायाशी पडला होता. दोरी कधी हातात आली ते कळलं नाही. पहिल्या झटक्यात त्याचे दात सांडले. दुसरा जबड्यावर बसला, तो मोडल्याचा आवाज माइकवरून सगळ्यांनी ऐकला. तो खाली पडल्यावर मी त्याच्या त्या हातांवर ठोकळा आपटत राहिले. तिघांनी मला ओढलं. तो जगेल म्हणतात. मला बरं वाटलं ते तो जगेल म्हणून नाही, मारलं म्हणून. खोटं कशाला बोलू?

तेव्हा हे पत्र शेरीफच्या कोठडीतून लिहितेय. फादर आले, गजांना धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वेल्मा, तुमच्या घरात कुणाला नुसतं तोंडाने बोलता येतं की नाही?"

माझी हमी गेली. माझं घरही गेल्यातच जमा. फादर तुला चर्चमागची खोली द्यायला तयार आहेत. पण मंडळ आता एकच बघणार: कोलारांचं हे डोकं अजून तुझ्या धडावर आहे का. मंगळवारी ते विचारतील, बहिणीचं काय? तू सांगायचं, मला बहीण नाही. तिने केलं ते नीच केलं. मी तिला भेटणार नाही, पत्र लिहिणार नाही. आणि ते पाळायचं. बाहेर आलास तरी माझ्या कोठडीकडे फिरकायचं नाही.

तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. चिडशील, भिंतीवर मूठ मारशील. मार, पण भिंतीवरच मार. वीस वर्षं मी तुझी वाट पाहिली आणि एका झटक्यात सगळं घालवून बसले. निदान तू तरी बाहेर ये.

आधी माझं नाव पूस, लाडी. मग माणूस बाहेर काढ.

टपालाची पत्रं तिथे आधी उघडून वाचतात, म्हणून हे असं पाठवलं. पत्र वाचून फादरांकडे परत दे, ते जाळतील. कोलाचे त्यांच्याकडे पाठवायला सांगितलेत. मंद आचेवर गरम कर, नाहीतर करपतात.

मंगळवारपर्यंत तुझी बहीण,
वेल्मा