दुखलं की घेईन

कळंबा, ६ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
बाळासोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून हा कागद. महिन्यापूर्वी शाहूपुरीत फुकट तपासणीला गेलतो. फुकट म्हटलं की आपण पुढं, तुला ठाऊकच हाय. डॉक्टरांनी मानेला नळी लावून ऐकलं, मग सोनोग्राफी. मेंदूकडं जाणारी डावी शीर चरबीनं साठ टक्के अरुंद झालीया म्हणाले.

मी लगेच गल्लीत ऑपरेशन जाहीर केलं की! लोक केळी घेऊन भेटायला आले. मी मान ताठ धरून बसलेला, कुणी हाक मारली की बैलगाडीसारखा अख्खा वळायचो. मग कळलं, काही त्रास न्हाय म्हणून आत्ता ऑपरेशनच न्हाय. रोज गोळ्या, बिडी बंद, सहा महिन्यांनी परत तपासणी. केळी तर खाऊन झालती. लोकांना काय तोंड दाखवू?

बिडी सोडली. गोळ्या मात्र जपून ठेवल्यात, दुखलं की घेईन. अजून एकबी लागली न्हाय!

दाजींना नमस्कार. लोभ हाय तेवढा ठेव, शिव्या कमी कर.

तुझा बाळासो

नेसरी, ११ जानेवारी

चि. बाळासोस,
आक्काचे आशीर्वाद.

गाढवा, त्या गोळ्या दुखण्यावरच्या न्हाईत. अर्धांगाचा झटका येऊ नये म्हणून हाईत.

बापाच्या मरणाबद्दल मी तुला तवा खोटं लिहिलतं. आण्णा झोपेत गेले न्हाईत. आदल्या दिवशी वैरण कापून आलते, काय दुखत न्हवतं. सकाळी तोंड वाकडं, हात लुळा, वाचा बंद. सात महिने चमच्यानं भरवलं. तू फौजेत होतास, जिवाला घोर नको म्हणून भावकीलाही गप्प बसवलं.

आता मी सत्तरीची. तुला भरवायची ताकद माझ्यात न्हाय, बाळू. भीती वाटते रे. आजची गोळी घे, मगच उत्तर लिही.

तुझी आक्का

कळंबा, १६ जानेवारी

ती. आक्कास,
सा. न.

घेतली. आधी गोळी हातातनं निसटून खाटेखाली गेली. मी रांगत शोधतोय तर सूनबाई वर्षाराणीला वाटलं झटकाच आला. तिनं बोंब ठोकली, परत सगळी गल्ली गोळा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं कबुली दिली. पोरागत झापलं मला. आता रोज वर्षाराणीसमोर गिळतो, वर तोंड उघडून दाखवतो.

आक्का, बापाला किती सुखाचं मरण आलं, असं मी जन्मभर सांगत फिरलो. मोठा शहाणा मी! तू सात महिने एकटी होतीस.

रविवारी येतोय. माया कर अशीच. आण्णांना काय भरवायचीस, तेवढं मला सांग.

तुझा बाळू