हवा कुणाच्या बापाची

आबा, आज आमच्या दूरसंचारच्या ऑफिसात एक मत लिहून द्यायचं होतं आणि दिवसभर तुम्हीच आठवत राहिलात. रेडिओ लहरींचा एक पट्टा परवाना न घेता सगळ्यांना वापरू द्यावा का, एवढाच प्रश्न. बाकीच्यांना तो किरकोळ वाटला. त्यांना काय ठाऊक, आपण कुणाला न विचारताच हवा वापरत होतो.

वस्तीवर फोन मिळावा म्हणून अर्ज करून थकल्यावर मी मुंबईहून तो लांब पल्ल्याचा कॉर्डलेस आणला. डबा शिरूरला माझ्या घरच्या फोनला जोडला, हातातला भाग तुमच्याकडे कोंबड्यांच्या शेडमध्ये; त्यावरचं बटण दाबलं की माझ्या घरी घंटी वाजायची. अँटेना बांबूवर चढवली. कुणी विचारलं तर ‘टीव्हीची हाय’ म्हणायचं ठरलं. पुढे ज्याच्या त्याच्याकडे तसले फोन झाले, सगळे एकाच लहरीवर. उचलला की दौंडकडच्या कुणा व्यापाऱ्याचे कांद्याचे भाव ऐकू यायचे. एकदा वस्तीवर आलो असताना मी वैतागून मधेच ओरडलो, “ओ शेठ, ठेवा की आता!” तुम्ही फोन हिसकावून घेतलात. “हवा काय तुझ्या बापाची हाय? आधी ऐकायचं. कुणी बोलत आसंल तर गप ठिवायचा. त्येंचं झालं की मंग आपलं.” मी विचारलं, “आन् त्यांचं झालंच न्हाई तर?” तुम्ही हसलात. “माणसंच हायती. कवातरी थांबत्यालच.”

त्या दुपारी तुमच्या छातीत कळ आली. शेडवर तुम्ही आणि आई, दोघंच. शिरूरला माझ्या दारात जीप उभी होती. आईनं नंतर सांगितलं, तुम्ही फोन कानाला लावलात, ऐकलंत आणि खाली ठेवलात. “बोलतंय कुणीतरी. हुंदे त्येंचं.” थोड्या वेळानं परत तेच. तिसऱ्यांदा आईनं फोन हातात दिला तेव्हा तुमची बोटं मिटेनात. कुठलं बटण दाबायचं ते तिला आपण कधी शिकवलंच नव्हतं. ती रस्त्यावर धावली. दुधाची गाडी घेऊन परत येईपर्यंत तुम्ही गेला होतात.

आमच्याकडची पोरं सांगतात, नवी यंत्रं परवान्याशिवाय एकाच हवेत नांदतात, कारण प्रत्येक यंत्र आधी ऐकतं आणि दुसरं बोलत असेल तर थांबतं. ते ऐकून मी उठून बाहेर गेलो. तुमचा राग आला, आबा, अजून येतो. यंत्र थांबतं, पण लगेच पुन्हा प्रयत्न करतं. तुम्ही मात्र भिडेखातर बसून राहिलात. परवाना असता, ज्याची त्याची वाट वेगळी असती तर तुम्ही वाचला असता, असं मला कैक वर्षं वाटायचं. पण वस्तीवरच्या माणसाला परवाना देणार कोण होतं? मी ‘पट्टा खुला करावा’ असंच लिहिलं. खाली एक ओळ घातली, की जीव जात असेल त्याला मधे बोलता आलं पाहिजे. साहेबांनी ती खोडली, “भावनिक होतंय” म्हणाले, आणि बराच वेळ समजावत बसले. मी त्यांचं बोलून होऊ दिलं.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. गावात कुणी विचारलं तर मी आजवर सांगत आलो, की त्या दिवशी फोन बंद पडला होता. फोन चालू होता, आबा.